पत्ता : चिकलठाणा

२००४ साली ‘अँटिमायक्रोबियल एजंट्स अँड केमोथेरपी’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. डब्ल्यूसीके ७७१ नावाचा नवा रेणू स्टॅफिलोकॉकस जिवाणूंना कितपत मारतो, हे त्यात संसर्ग झालेल्या प्राण्यांवर तपासून पाहिलं होतं. लेखकांच्या यादीत पहिलं नाव महेश पटेल यांचं. पुढे नोएल डिसूझा, सचिन भागवत, हबिल खोराकीवाला आणि इतर सहकारी. शेवटी मायकेल जेकब्ज आणि पीटर अॅपलबॉम हे दोन अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. पत्ता होता वोक्हार्ट रिसर्च सेंटर, औरंगाबाद. शहराचं नाव २०२३मध्ये बदललं, पण जगभरच्या ग्रंथालयांत या निबंधावर जुनंच नाव राहील.

जालना रस्त्याने विमानतळाकडे निघालं की चिकलठाण्याची एमआयडीसी लागते. तिथल्या या प्रयोगशाळेतून गेल्या वीस-बावीस वर्षांत जे निबंध बाहेर पडले, ते एकापाठोपाठ एक लावून वाचले तर तीन नव्या प्रतिजैविकांचा जन्म डोळ्यांसमोर उलगडतो. डब्ल्यूसीके ७७१ हा त्यांतला पहिला. तो २०२०मध्ये ‘एमरॉक’ या नावाने औषधाच्या दुकानात आला. पहिल्या निबंधापासून दुकानापर्यंत सोळा वर्षं.

आपल्या शहराची ओळख सांगताना आपण वेरूळ-अजिंठा सांगतो, मकबरा सांगतो, हिमरू सांगतो, वाळूजच्या दुचाक्या आणि शेंद्र्याच्या मोटारी सांगतो. चिकलठाण्यात जिवाणूंविरुद्धचं नवं औषध मुळापासून घडलं, हे सांगणारा माणूस मला क्वचितच भेटतो. दुसऱ्याने शोधलेलं औषध स्वस्तात बनवण्यात भारतीय कंपन्या जगात अग्रेसर आहेत. स्वतः रेणू शोधून तो माणसापर्यंत नेणाऱ्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून या लेखात मी कारखान्याच्या फाटकातून आत न जाता निबंधांच्या वाटेने जाणार आहे. खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते बाहेरच्याला दिसत नाही. ती जे छापते तेवढंच सर्वांसमोर येतं, आणि तेवढंच दुसऱ्याला तपासता येतं.

संशोधकाचं काम मोजायची हल्ली एक ठरलेली रीत झाली आहे. निबंध किती, त्यांचे संदर्भ इतरांनी किती वेळा दिले, आणि २००५मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला एच-निर्देशांक किती. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा निर्देशांक वीस. मोजायला सोपं, म्हणून समित्यांना प्रिय. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी निबंधांची अट आली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मराठवाड्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये हा विषय काढा, दहा जण दहा किस्से सांगतील. आकड्याशी माझा झगडा नाही. पण औषधशास्त्रात आकड्याच्या पलीकडची एक कसोटी हाताशी असताना आपण ती वापरत नाही, याचं वाईट वाटतं. तुमचा निबंध वाचून, तुम्हाला कधीही न भेटलेल्या डॉक्टरने, तुम्हाला माहीत नसलेल्या गावात, एखाद्या रुग्णाचं औषध किंवा त्याची मात्रा बदलली का? क्लिनिकल फार्माकॉलॉजी म्हणजे औषध माणसाच्या शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं आणि त्याने काय होतं याचा अभ्यास. या शास्त्रातल्या निबंधाचा खरा वाचक रुग्णाच्या खाटेशी उभा असतो.

या कसोटीवर पूर्ण उतरलेला माणूस आपल्याच मातीतला आहे. डॉ. हिम्मतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा. जालना जिल्हा १ मे १९८१ला वेगळा झाला, तोवर हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. गरिबीतून वाट काढत ते डॉक्टर झाले आणि कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं येत आणि त्यातली कितीतरी दगावत. मुलं तर डोळ्यांदेखत जात. त्या काळी गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी तीस ते चाळीस टक्के रुग्ण मरत. बावस्करांनी रात्र-रात्र खाटेशी बसून नोंदी घेतल्या. उलटी, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, आधी चढलेला आणि मग कोसळणारा रक्तदाब, शेवटी फुफ्फुसात पाणी. १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला : हृदयावर आघात होणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती. उपचार त्यात अजून सापडलेला नव्हता. तरी मला तो निबंध फार मोलाचा वाटतो, कारण नीट पाहणं हे औषध शोधण्याच्या आधीचं काम आहे आणि ते त्यांनी कोणत्याही मोठ्या यंत्राशिवाय केलं.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियम आणि पोटॅशियमच्या मार्गिकांवर काम करतं. त्यामुळे शरीरात अॅड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. रक्तवाहिन्यांचा हा आवळ सोडवणारी प्रॅझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी आधीपासूनच मिळत होती, तीही स्वस्त. ती विंचूदंशावर वापरून बावस्करांनी १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले, सहलेखिका होत्या त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. हा उपचार पसरत गेला तसं मृत्यूचं प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या आसपास आलं. यासाठी मोठं इस्पितळ लागलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला गोळी माहीत असणं आणि ती वेळेवर देणं पुरेसं होतं.

पंचवीस वर्षांनी, २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्कर दांपत्याचा आणखी एक निबंध आला. तोवर मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाची प्रतिविष लस तयार होऊ लागली होती. सत्तर रुग्णांना चिठ्ठ्यांच्या पद्धतीने दोन गटांत विभागलं : पस्तीस जणांना नुसतं प्रॅझोसिन, पस्तीस जणांना प्रॅझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात आठ, दुसऱ्या गटात बत्तीस. ज्या गोळीने त्यांचं नाव जगभर झालं, ती एकटी पुरेशी नाही हे त्यांनीच चाचणी करून दाखवलं आणि त्यांनीच छापलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हा निबंध सर्वांत उंच आहे. २०१४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने विंचूदंशावर विस्तृत आढावा छापला, तो ऑस्ट्रेलियाचे जेफ्री इस्बिस्टर आणि महाडचे बावस्कर या दोघांचा. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोणत्याही विद्यापीठाची खुर्ची, विभाग, प्रयोगशाळा यांपैकी काहीच त्यांच्यामागे नव्हतं.

बावस्करांचं काम एकट्याच्या चिकाटीतून उभं राहिलं. चिकलठाण्याची गोष्ट उलटी आहे. तिथे एकटा माणूस काहीच करू शकत नाही.

डब्ल्यूसीके ७७१ची मुळं जपानमध्ये आहेत. ओत्सुका कंपनीचं नॅडिफ्लॉक्सासिन हे औषध मुरुमांवरचं मलम म्हणून वापरात होतं. या रेणूची एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत अशी दोन रूपं असतात आणि मलमात दोन्ही मिसळलेली असत. त्यांतलं एक रूप जिवाणूंवर अधिक जोरकस. चिकलठाण्याच्या चमूने तेवढंच, म्हणजे लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन, वेगळं घेतलं. पण ते पाण्यात नीट विरघळेना, म्हणून आर्जिनिन या अमिनो आम्लाबरोबर त्याचा क्षार बनवला. मग शिरेतून देता येईल असं इंजेक्शन झालं. तोंडावाटे देण्यासाठी त्याला अॅलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल जोडलं, जे पोटात गेल्यावर सुटतं आणि मूळ औषध रक्तात उतरतं. मलमापुरतं राहिलेलं औषध रक्तापर्यंत न्यायचं, तेही इंजेक्शन आणि गोळी अशा दोन्ही रूपांत, ही कल्पना साधी दिसते. ती माणसात सुरक्षित ठरवायला मात्र दीड दशक लागलं.

या औषधाचा एक गुण मराठवाड्याच्या संदर्भात मुद्दाम सांगायला हवा. पुवाने भरलेल्या जागी आम्लता वाढते आणि नॅडिफ्लॉक्सासिनच्या गटातली बहुतेक औषधं तिथे ढिली पडतात. लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन आम्लात उलट अधिक प्रभावी ठरतं. घाटी या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात मधुमेहाने चिघळलेले पाय घेऊन येणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल. औषधाच्या मंजूर उपयोगांत मधुमेहींच्या पायाचा संसर्ग आहे. तिसऱ्या टप्प्याची चाचणी पाचशे रुग्णांवर झाली, तुलना लिनेझोलिड या जुन्या प्रतिजैविकाशी. इंजेक्शनच्या गटात ९१ टक्के रुग्णांना गुण आला, लिनेझोलिडच्या गटात ८७.८ टक्के. म्हणजे नवं औषध जुन्यापेक्षा उणं नाही एवढं सिद्ध झालं. याहून मोठा दावा या आकड्यांवर करता येत नाही. हा निबंध २०२०मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या ‘जापी’ या नियतकालिकात आला. परदेशी मासिकाची प्रतिष्ठा सोडून तो इथल्या डॉक्टरांच्या हाती पडेल अशा जागी छापला गेला, हे मला योग्य वाटतं. औषध लिहून देणारे तेच आहेत.

इथे नोएल डिसूझा यांच्याविषयी थोडं. वोक्हार्टमध्ये येण्याआधी ते मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात होते. तिथे त्यांच्या चमूने कोलियस फोर्सकोली या आपल्याकडच्या वनस्पतीच्या मुळांतून फोर्सकोलिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. ते हृदयावरचं मोठं औषध होईल अशी आशा होती. ती तशी फळाला आली नाही. पण १९८१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या सीमन आणि डेली यांनी दाखवलं की फोर्सकोलिन पेशीतल्या अॅडेनायलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवतं. त्यानंतर पेशीतल्या संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये फोर्सकोलिनची कुपी आली. ती वापरणाऱ्या किती जणांना मुलुंडचं नाव माहीत असेल? शास्त्रात एखादी गोष्ट इतकी रुळते की तिचा संदर्भ देणंच थांबतं. कोणत्याही निर्देशांकात हा प्रभाव उतरत नाही, आणि तो सर्वांत खोल असतो.

आता सर्वांत कठीण रेणूकडे, आणि आधी त्याच्या शत्रूकडे. २००८मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जिवाणूत नवं विकर सापडलं आणि त्याला एनडीएम, म्हणजे ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ हे नाव पडलं. २०१०मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये त्याचा फैलाव दाखवणारा निबंध आला तेव्हा नावावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. राजधानीचं नाव रोगाला का, हा राग समजण्यासारखा होता. पण त्या गदारोळात मूळ संकट मागे पडलं. हे विकर मेरोपेनेमसारखी राखीव फळीतली प्रतिजैविकं फोडून टाकतं. तिथवर पोचलेल्या जिवाणूपुढे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरच्या हातात फारच थोडं उरतं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२मध्ये प्रसिद्ध केला.

बाहेरच्या कंपन्यांनी अशा प्रकारच्या विकरांना निकामी करणारी द्रव्यं बनवली. अॅव्हिबॅक्टम हे त्यांतलं नामांकित. पण एनडीएमपुढे तेही चालत नाही. चिकलठाण्याच्या झिडेबॅक्टमची वाट वेगळी आहे. जिवाणूला जगायला आपली भिंत सतत बांधत राहावी लागते आणि हे काम करणारी प्रथिनं अनेक असतात. सेफेपिम हे १९९०च्या दशकापासूनचं प्रतिजैविक त्यांतल्या मुख्यतः तिसऱ्या क्रमांकाच्या प्रथिनाला अडवतं. झिडेबॅक्टम दुसऱ्या क्रमांकाच्या प्रथिनाला पकडतं, आणि एनडीएम त्याला फोडू शकत नाही. दोन्ही एकत्र देऊन भिंतीवरच्या दोन गवंड्यांचे हात एकाच वेळी धरले की थोडंसं सेफेपिम शिल्लक राहिलं तरी भिंत ढासळते. विकराला निकामी करण्याचा नाद सोडून त्याला वळसा घालायचा, हा या चमूचा विचार. अशा द्रव्यांना त्यांनी ‘बीटा-लॅक्टम एनहान्सर’ असं नाव दिलं आणि आता इतर देशांतले संशोधकही तेच नाव वापरतात.

दावा मोठा होता. तो चिकलठाण्याने केला म्हणून कोणी मानायचं कारण नव्हतं, आणि याला एक ताजी पार्श्वभूमीही होती. २०१३मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच कंपनीच्या वाळूज आणि मग चिकलठाणा इथल्या कारखान्यांतून येणाऱ्या औषधांवर आयातबंदी लावली होती. गुणवत्ता आणि नोंदींविषयीचे गंभीर आक्षेप त्यामागे होते. कारखाना वेगळा, प्रयोगशाळा वेगळी, हे खरं. तरी एकाच नावाखाली एका दारात नोंदींवर शंका घेतली जात असताना दुसऱ्या दारातून निघालेल्या आकड्यांना दुप्पट कडक परीक्षा द्यावी लागणार हे उघड होतं. शहराच्या अभिमानापोटी ही गोष्ट झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

ती परीक्षा बाहेरच्यांनी घेतली. स्पेनमधल्या मायोर्का बेटावरच्या अंतोनिओ ऑलिव्हर यांच्या गटाने २०१७मध्ये झिडेबॅक्टम नेमकं कोणत्या प्रथिनाला पकडतं ते स्यूडोमोनास जिवाणूवर दाखवलं. त्याच वर्षी लंडनमधून डेव्हिड लिव्हरमोर यांनी रुग्णांकडून गोळा केलेल्या प्रतिरोधक जिवाणूंवर सेफेपिम-झिडेबॅक्टमची चाचणी छापली. २०१८मध्ये क्लीव्हलंडच्या रॉबर्ट बोनोमो आणि क्रिस्टा पॅप-वॉलेस यांनी रेणूचं रसायनशास्त्र उलगडलं. विस्कॉन्सिनच्या गटाने २०१९मध्ये एनडीएमसारखी विकरं असलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियात उंदरांवर औषधाची गरज मोजली. यांतले काही निबंध कंपनीच्या सहकार्याने आणि तिच्या लोकांना सहलेखक करून झाले आहेत. वाचताना ते ध्यानात ठेवायला हवं. तरी प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची इभ्रत तिच्या आकड्यांना बांधलेली असते, आणि वेगवेगळ्या देशांतल्या इतक्या हातांनी एकाच दिशेचे आकडे काढले तर त्याला वजन येतं. २०१९च्या आणखी एका निबंधात, असिनेटोबॅक्टर या अतिदक्षता विभागांना छळणाऱ्या जिवाणूवरच्या कामात, लेखकांची यादी सगळी चिकलठाण्याची आहे : भागवत, पेरियासामी, टाकळकर, पालवे, खांडे, पटेल. घरच्या दारावर असावीत तशी ही आडनावं सुरुवातीला सांगितलेल्या त्याच अमेरिकी नियतकालिकात पाहून मला फार आनंद झाला.

यानंतरचा टप्पा क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा, आणि बाहेरच्या वाचकाला तो नीरस वाटतो. मायामीच्या प्रेस्टन यांच्या चमूने मूत्रपिंडाचं काम कमी-अधिक मंदावलेल्या माणसांना हे औषध देऊन रक्तातलं प्रमाण मोजलं. दोन्ही घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंड जितकं थकलेलं तितकी मात्रा कमी. निबंधात आलेख आणि तक्ते, दुसरं काही नाही. पण हे औषध ज्याला लागणार तो रुग्ण आधीच गंभीर असतो, त्याचं मूत्रपिंड बहुधा बिघडलेलं असतं. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला त्या तक्त्यातली एक ओळच हवी असते.

दरम्यान औषध मंजूर होण्याआधीच, सगळे उपाय हरलेल्या रुग्णांसाठी विशेष परवानगीने ते मागवलं जाऊ लागलं. पुण्याचे डॉ. राजीव सोमण आणि सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाचा वृत्तांत छापला : प्रतिकारशक्ती खालावलेली, स्यूडोमोनास एनडीएम बाळगणारा, संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत गेलेला, आणि तो या औषधाने आटोक्यात आला. एका रुग्णावरून औषध सिद्ध होत नाही, हे कोणताही औषधशास्त्रज्ञ सांगेल. त्यासाठी ५३० रुग्णांची, मेरोपेनेमशी तुलना करणारी, मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावरची चाचणी झाली आणि तिच्या आधारे कंपनीने २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएकडे अर्ज केला. ज्या संस्थेने या शहरातल्या कारखान्यांवर बंदी घातली होती, तिच्याकडेच.

तिसरं औषध नॅफिथ्रोमायसिन. २० नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते ‘मिक्नाफ’ या नावाने त्याचं अनावरण झालं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, म्हणून त्याचा विस्तार करत नाही. समाजात पसरणाऱ्या न्यूमोनियावर रोज एकदा ८०० मिलिग्रॅम, फक्त तीन दिवस. चौदा वर्षांचं काम, पाचशे कोटींचा खर्च, त्यात सरकारच्या बायरॅक या संस्थेचे आठ कोटी. तीन दिवस पुरतात कसे, याचं उत्तर २०१७च्या एका निबंधात आहे. शिकागोच्या कीथ रॉडव्होल्ड आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना गोळ्या दिल्या, मग दुर्बीण घालून त्यांच्या फुफ्फुसातला द्रव आणि तिथल्या भक्षक पेशी काढून औषध मोजलं. रक्तातल्यापेक्षा तिथे ते कितीतरी अधिक साठलेलं निघालं. ज्या जागी जिवाणू, त्या जागी औषध. तीन दिवसांच्या कोर्समागचं गणित या मोजणीतून आलं आहे. आपल्याकडे दोन दिवसांनी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. तिथे कमी दिवसांचं औषध ही मोठीच सोय आहे.

पैशाचं एवढंच सांगतो. नवं प्रतिजैविक काढणं हा धंदा म्हणून तोट्याचा आहे, कारण चांगलं प्रतिजैविक जपून वापरायचं असतं. नोव्हार्टिसने २०१८मध्ये या क्षेत्रातून पाय मागे घेतला. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीला २०१८मध्ये नव्या प्रतिजैविकाची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. वोक्हार्टने स्वतः २०२०मध्ये भारतातल्या आपल्या औषधांचा मोठा भाग १,८५० कोटींना डॉ. रेड्डीज कंपनीला विकला. या सगळ्यात चिकलठाण्याची प्रयोगशाळा चालू राहिली, हे मालकाच्या आणि संशोधकांच्या हट्टाचं फळ आहे. विद्यापीठाने आणि घाटीने या कामाशी जोडून घ्यायला हवं, असं मला तळमळीने वाटतं. रेणू इथला, रुग्ण इथले. मग फार्माकॉलॉजीचा पदव्युत्तर विद्यार्थी शहरातल्याच या निबंधांवर चर्चासत्र घेतो आहे, हे दृश्य नित्याचं का असू नये?

शेवटी मायोर्काकडे पुन्हा. ऑलिव्हर यांच्याच गटाने २०२१मध्ये दुसरा प्रश्न घेतला : स्यूडोमोनास या औषधाला कसा हरवेल? औषधाची मात्रा हळूहळू वाढवत त्यांनी जिवाणूंच्या पिढ्या वाढवल्या आणि कोणते बदल होतात ते पाहिलं. प्रतिकार आला, पण एका फटक्यात आला नाही. भिंतीच्या प्रथिनात बदल, औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांमध्ये बदल, असे अनेक बदल एकावर एक साचावे लागले, आणि ते साचताना जिवाणूची स्वतःची ताकद घटली. औषध अजून बाजारात यायचं होतं आणि त्याच्या पराभवाचा अभ्यास सुरू झालेला होता. या निबंधाच्या संदर्भसूचीतही औरंगाबादच्या पत्त्यावरचं काम आहे. मात्रा किती ठेवायची, सोबत कोणतं औषध द्यायचं, कोणत्या रुग्णाला हे मुळीच द्यायचं नाही, हे पुढची काही वर्षं अशाच निबंधांतून ठरेल. त्यांतले काही घाटीतून आणि पुण्या-मुंबईच्या अतिदक्षता विभागांतून लिहिले जावे लागतील, कारण एनडीएम बाळगणारे जिवाणू रोज तिथेच उगवत आहेत.